सब्लाइम आणि सुरक्षित अंतर

माझा नवरा प्रबोध सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी मॅनेजर आहे. माणूस चांगला, पण त्याला जिथे तिथे अपघातच दिसतात. जिना उतरताना मोबाइल बघणाऱ्या अनोळखी लोकांनाही तो कठडा धरायला लावतो.

मला म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाइड व्हायचं होतं. सिंगापूरला आल्यापासून जो भेटेल तो विचारायचा, "मग तुम्ही दिवसभर करता काय?" या प्रश्नाचा मला वीट आला होता. वर्षभर क्लास केला. आता फक्त शेवटची परीक्षा उरली होती. युरोपातून आलेल्या चित्रांच्या प्रदर्शनात चार माणसांना फिरवून आणायचं, रोकोको शैलीपासून रोमँटिसिझमपर्यंत. नापास झाले तर पुन्हा वर्षभर क्लास.

सेम्बावांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर चित्रांचे फोटो मांडून मी प्रबोधसमोर सराव सुरू केला.

"हे रोकोको. नाजूक, गुलाबी, नुसती मौजमजा. बघ, बाई कशी झोके घेतेय."

"दोरी कोणी तपासली?"

मी कपाळाला हात लावला. "हे निओक्लासिसिझम. रोमन थाट, सरळ रेषा, कर्तव्य, त्याग."

"हे बरंय. सगळे आपापल्या जागी उभे आहेत. तलवारी तेवढ्या म्यानात हव्या होत्या."

मग मी रोमँटिसिझमचं वादळ काढलं. कड्याच्या टोकावर एकटा माणूस, खाली खवळलेला समुद्र.

"रेलिंग?"

"बाबा, पेंटिंग आहे लाह," आमची मुलगी ऋता सिंगापुरी हेल काढत म्हणाली.

"याला सब्लाइम म्हणतात," मी तसंच पुढे दामटलं. "निसर्गाचं रौद्र रूप बघून छाती दडपते. पण आपण लांब, सुरक्षित असतो, म्हणून त्या भीतीतसुद्धा आनंद होतो."

प्रबोधने पहिल्यांदाच आदराने मान हलवली.

परीक्षेच्या दिवशी एक माणूस कमी पडला, म्हणून प्रबोधला नेलं. तोंड उघडणार नाही असं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. परीक्षक मिसेस टॅन मागे उभ्या होत्या. रोकोको झालं, निओक्लासिसिझम झालं. वादळाच्या भल्यामोठ्या चित्रासमोर आले आणि माझी दातखीळ बसली. तो शब्दच आठवेना. सगळे चित्रात डोकं घालून मी काय बोलते याची वाट बघत होते.

"सगळ्यांनी दोन पावलं मागे," प्रबोध एकदम प्लांटवरच्या आवाजात गरजला. "सेफ डिस्टन्स ठेवा."

सगळे मुकाट्याने मागे सरले. मिसेस टॅनसुद्धा.

"आता बघा," मी म्हणाले, कारण शब्द धावत परत आला होता. "इथून भीती वाटते, पण लागत काही नाही. हेच सब्लाइम." आणि मग मी अशी सुटले की मला मीच आवडले.

शेवटी मिसेस टॅननी विचारलं, "ते मागे सरकवणं आधी ठरवलं होतं का?"

"हो," मी म्हणाले.

"छे, एका बाईंची पर्स चित्राला..." खोटं न खपणाऱ्या माझ्या नवऱ्याने सुरुवात केली. मी टाचेने त्याचा अंगठा चिरडला. एरवी पायात सेफ्टी बूट असतात, पण सुट्टीच्या दिवशी तो सँडल घालतो.

मी पास झाले. प्रबोध आठवडाभर लंगडत कामावर गेला, आणि काय झालं असं कुणी विचारलं की सांगायचा, "बायको गाइड झाली."