थोरल्या डॉक्टरांचा हात

हल्ली ऑपरेशन थिएटरात भिंतीवर भला मोठा पडदा असतो. गर्भाशयात काय चाललंय ते खोलीतल्या सगळ्यांना दिसतं. सिस्टर आता निवृत्तीला टेकल्या आहेत, आणि त्या पडद्याकडे बघताना त्यांना थोरल्या डॉक्टरांची हटकून आठवण येते. तेव्हा गर्भाशयात घालायची दुर्बीण नवीन होती, पडदा नव्हता. नळीला डोळा लावणाऱ्या एकट्यालाच काय ते दिसायचं.

थोरले डॉक्टर मुळात दुर्बिणीच्या विरोधातले. गर्भाशय आतून कसं आहे ते त्यांना म्हणे खरवडायच्या क्युरेटच्या टोकाला कळायचं. माझ्या बोटांना डोळे आहेत, असं ज्याला त्याला ऐकवायचे. डॉक्टर झालेल्या लेकीने हट्टाने दुर्बीण घ्यायला लावली, तेव्हा आठवडाभर तिच्यावर फुगून बसले होते.

दुर्बिणीच्या पहिल्या दहा-बारा पेशंटांत एक शिवणकाम करणारी बाई होती. लग्नाला बारा वर्षं झालेली. पहिल्याच वर्षी गर्भ पडला, त्यानंतर दिवस राहिले नाहीत. पाळीही नावापुरती यायची. नवऱ्याचे रिपोर्ट चांगले, त्यामुळे सगळं खापर हिच्या डोक्यावर. सासूबाई दर वेळी सोबत यायच्या आणि दर वेळी तिच्यादेखतच विचारायच्या, हिच्यात नेमकं खोट काय ते एकदाचं सांगा.

भूल दिली, पोकळी फुगवायला आत पाणी सोडलं, डॉक्टरांनी डोळा लावला. बऱ्याच वेळाने ते बाजूला झाले आणि सिस्टरना म्हणाले, "बघा."

गुलाबी पोकळीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरे पट्टे होते. गर्भाशय आतून चिकटलं होतं, गर्भाला टेकायला जागाच नव्हती. खरवडताना क्युरेट खोल गेलं की असं होऊ शकतं, हे सिस्टरना माहीत होतं. गर्भ पडला तेव्हा हिचं क्युरेटिंग कोणी केलं, तेही. ट्रे त्यांनीच तर धरला होता.

डॉक्टरांनी बारीक कात्रीने एकेक पट्टा सोडवला. सिस्टरांच्या मनात आलं, सुटली बिचारी, आता जुनं कशाला उकरायचं? खरं सांगायचं तर त्यांना डॉक्टरांचं नाव जपायचं होतं. ते गप्प राहिले असते तर कुणाला कळणारही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर तिच्या कॉटशेजारी खुर्ची ओढून बसले. राउंडला ते कधी बसत नसत.

"तुमचा गर्भ पडला तेव्हा मी गरजेपेक्षा जास्त खरवडलं. त्यानेच आत चिकटलं होतं. दोष तुमच्यात नव्हता, चूक माझी होती."

मूल होईलच असा शब्द देता येत नाही, पण आता जागा मोकळी झाली आहे, हेही त्यांनी सांगितलं. ती रडेल, नाहीतर भांडेल, असं सिस्टरना वाटलं. ती चादरीची उसवलेली कड चाचपत राहिली.

"सासूबाई बाहेर बसल्यात," ती म्हणाली. "त्यांना सांगाल? मी सांगून त्यांना पटायचं नाही."

डॉक्टर उठले. सिस्टर तिला धरून मागोमाग गेल्या. पॅसेजमध्ये दहा माणसांसमोर, एकही शब्द न गाळता, त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. तसा माणूस पुढे बघायला मिळाला नाही, असं सिस्टर अजून म्हणतात.

सासूबाईंनी बाकावर शेजारी ठेवलेला डबा उचलून मांडीवर घेतला आणि सुनेला बसायला जागा केली.