चाळीस लाखांनी पाहिलेला डिंक

डिंकाच्या जाहिरातीचा व्हिडिओ दोन दिवसांत चाळीस लाख लोकांनी पाहिला, पण डिंक काही खपेना. व्हिडिओ बनवणारीचा जीव टांगणीला लागला होता. चार वाजता डिंकवाले जाब विचारायला येणार, म्हणजे नोकरी गेल्यातच जमा.

खुर्चीला चिकटलेला साहेब खुर्चीसकट जिना उतरतो, हे तिने सतराव्यांदा पाहिलं. चूक सापडेना, तेव्हा तिने मोबाइल ऑफिसात चहा घेऊन आलेल्या मावशीपुढे धरला. मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"कशाची जाहिरात आहे, सांग बघू."

"पँटची, अजून कशाची? एवढी ओढाताण झाली, पण कुठे उसवली का?"

तिने घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते.

"मावशी, तुझ्या ओळखीत कुणी पँटवाला आहे का गं?"