माझं सरकलेलं शून्य

मित्रांनो, तुमच्या डोक्यावरचा एक केस किती जाड आहे, हे मी बिनचूक सांगू शकतो. मी एक जुना मायक्रोमीटर आहे. तळहातावर मावतो. मिलिमीटरचे शंभर भाग करा, त्यातला एक भागही माझ्या नजरेतून सुटत नाही. सुटत नसे, असं म्हणायला हवं.

रत्नागिरीत, मासेमारी लाँचींची कामं करणाऱ्या एका कारखान्यात माझी सारी हयात गेली. तिथले मुख्य टर्नर भिकाजी मेस्त्री. लाँचीचा पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, लेथच्या यंत्रावर कातावा तर त्यांनीच! खाऱ्या हवेनं मला गंज चढू नये म्हणून ते रोज मला तेलाच्या फडक्यानं पुसून डबीत ठेवत. बंदरावरचे लोक म्हणत, "मेस्त्रींचा शाफ्ट म्हणजे बघायला नको." ते ऐकून माझ्याही अंगावर मूठभर मांस चढे. मला कुठलं मांस! पण चढे खरं.

१९८४ साली तिथं पद्मजा आली. हेदवीच्या एका शाळामास्तरांची मुलगी. सहा महिने तंत्रनिकेतनात इंजिनिअरिंग शिकायचं आणि सहा महिने कारखान्यात उमेदवारी करायची, असा तिचा अभ्यासक्रम. उमेदवारीच्या वहीवर मेस्त्रींची सही झाली, तरच परीक्षेला बसता येणार. कारखान्यात मुलगी ही पहिलीच, त्यामुळे बाकीचे कामगार नाकं मुरडत. मेस्त्री मात्र तिला मनापासून शिकवत.

एका सोमवारी तिच्या तेलकट हातातून मी निसटलो आणि फरशीवर आपटलो. आई गं! तिनं घाबरून इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तिनं मला पुसलं, डबीत ठेवलं आणि गप्प बसली. वरून मला साधा ओरखडाही नव्हता. पण माझं शून्य सरकलं होतं. मध्ये काही न धरता माझं तोंड पूर्ण मिटलं, की शून्य दिसायला हवं; मी मात्र चार भाग जास्त दाखवू लागलो.

काम सुरू करण्याआधी माझं शून्य तपासायचं असतं. पण मेस्त्रींचा माझ्यावर फार विश्वास. त्यांनी ते केव्हाच सोडून दिलं होतं. मी जाडी जास्त दाखवली, म्हणून त्यांनी जास्त कातलं, आणि दोन शाफ्ट लागोपाठ ढिले बसले. एक लाँच तर हादरे खात समुद्रातून परतली.

मेस्त्रींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. गुरुवारी संध्याकाळी ते पद्मजाला म्हणाले, "माजे डोळे गेले गो. उद्यापासनं मी लेथला हात लावायचा नाय. लोकांच्या जिवाशी खेळ नको." साठीचा माणूस, पण आवाज रडवेला झाला होता. माझा जीव नुसता तळमळत होता. मला वाचा कुठली!

पद्मजाचा चेहरा पांढराफटक पडला. सांगावं तर सही गेली, वर्ष गेलं, आणि नाकं मुरडणाऱ्यांना आयतंच कारण मिळालं. तरी ती माझी डबी घेऊन पुढं आली.

"काका, तुमचे डोळे चांगले आहेत. सोमवारी हा माझ्या हातून पडला. मी सांगितलं नाही."

मेस्त्रींनी माझं तोंड मिटलं, मला उजेडात धरून वाचलं. मग म्हणाले, "पडला त्याचं काय नाय. शून्य बघितलं नाय, ही माजीपण चूक. पण पोरी, तीन दिवस मी सवताला आंधळा समजत होतो, आणि तू बघत होतीस."

पद्मजा ओक्साबोक्शी रडली. मेस्त्रींनी तिला रडू दिलं. मग तिची वही मागून घेतली, तीत लिहिलं, "मायक्रोमीटर पाडला. लपवलं. स्वतःहून सांगितलं." आणि खाली सही केली.

मला दुरुस्त करून पाहिलं, पण मी पूर्वीसारखा नेमका झालो नाही. तेव्हापासून कपाटात पडून आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही, मित्रांनो. एक भला माणूस माझ्यामुळे तीन दिवस स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवत राहिला, ते मात्र अजून सलतं. म्हणून तुमच्या हातून काही पडलं, तर घाबरा, रडा, बोलणी खा. पण त्याच दिवशी सांगा.