पिशवीत कोंबलेली पाटी

मी एक पाटी बोलतेय. शाळेतली काळी पाटी नव्हे, दारावर नाव मिरवणारीही नव्हे. मी भिंगरीची पाटी. बोलतेय म्हणाले खरी, पण तिचं बोट टेकल्याशिवाय माझ्यातून एक शब्द निघत नाही. तेच तर माझं दुखणं आहे.

भिंगरीचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात. एका शिंप्याच्या दुकानाची पाटी करून उरलेला फळीचा तुकडा म्हणजे मी. भिंगरीला समजतं सगळं, पण जीभ साथ देत नाही आणि हातपायही आपापल्या मर्जीचे मालक. पायांचं काम चाकाच्या खुर्चीने उचललं, जिभेचं माझ्याकडे आलं. बाबांनी मला घासून गुळगुळीत केलं, चौकोन आखले आणि चित्रं काढली. पाण्याचा पेला, पलंग, घर, आई, हसरा चेहरा, रागावलेला चेहरा. वर ठसठशीत अक्षरांत 'हो' आणि 'नाही'. 'नाही' जरा मोठा काढला. म्हणाले, "हा जास्त लागेल." खरंच लागला. तिथलाच रंग सगळ्यात आधी उडाला.

माझ्याशी बोलायचं तर अंगात दम हवा. भिंगरीचं बोट निघतं, वाटेत थरथरतं, भलतीकडे जातं, मागे फिरतं आणि मग कुठे मुक्कामाला पोचतं. तेवढी उसंत माणसांना नसते. बोट अर्ध्यावर असतानाच "पाणी हवंय, पाणी!" म्हणून पेला तिच्या तोंडाला लावून मोकळे होतात.

मावशी मात्र तशी नव्हती. आईची ही धाकटी बहीण आमच्याच घरात राहायची. कामावरून आली की चपला काढायच्या आधी भिंगरीसमोर बसायची. "बोल भिंगरे, आज कोणाची चुगली?" आणि हनुवटीला हात लावून वाट बघायची. दोघी मिळून अख्ख्या गल्लीची टर उडवायच्या.

तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनेच बजावलं, "स्टेजवर माझ्या शेजारी तू बसायचं. आणि माझ्यासाठी दोन शब्दही तूच बोलायचे, मी सगळ्यांना वाचून दाखवीन." बाबांनी लगेच माझ्या कोपऱ्यात मावशीचं चित्र काढलं. नाक जरा लांबच झालं. भिंगरी हसून हसून खुर्चीतून घसरायला आली.

लग्नाच्या दिवशी ती नव्या झग्यात आणि मी तिच्या मांडीवर. हॉलच्या दारातच मामीने अडवलं. मामी वाईट नाही हो. सगळ्या लग्नाचा भार तिच्या डोक्यावर, पायाला भिंगरी लागलेली. पण खुर्चीतली भिंगरी काही तिला दिसली नाही.

"अगं, ही रंग उडालेली फळी कशाला? फोटोत कशी दिसेल!" म्हणत तिने मला उचललं आणि कपड्यांच्या पिशवीत कोंबलं. "आणि हिला आतल्या खोलीत बसवू या. गर्दीत बिचारी घाबरेल."

आई काही बोलणार, तोच पाहुणे आले आणि तिला हसत पुढे व्हावं लागलं. बाबा बाहेर सामान उतरवत होते.

खोलीत सोबतीला शेजारच्या काकू. पिशवी तिथेच खुंटीला. भिंगरी एकसारखी माझ्या दिशेने हात करत होती. काकू म्हणाल्या, "भूक लागली वाटतं," आणि घास भरवला. तिने तो थुंकला. "उकडतंय वाटतं," म्हणून पंखा वाढवला. ती किंचाळली. "दमली गं बाई पोर," म्हणून दिवाच मालवला!

अहो, ती पिशवी मागतेय! मी आत नुसती जळफळत होते. बाहेर स्टेजवरून पुकारा चालला होता. नवरीचे काका या, मैत्रिणी या, ऑफिसातले या. ज्यांना मावशी धड ओळखतही नसेल, तेसुद्धा फोटोला उभे राहिले. भिंगरीला कोणी हाक मारली नाही. ती रडायला लागली, तशा काकू म्हणाल्या, "रडू नये हं. शहाणी ना तू?" शहाणी आहे म्हणूनच रडतेय ना ती!

शेवटी मावशीनेच विचारलं असावं, कारण आई धावत आली. दिवा लावला, लेकीचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "पाटी कोणत्या पिशवीत आहे?" काकूंना पत्ताच नाही. भिंगरीने हात केला. आईने त्या हाताच्या रोखाने बघितलं. बस्स, कोणीतरी एवढंच करायचं होतं.

स्टेजला पायऱ्या होत्या, खुर्ची चढेल असा उतार नव्हता. मामा कुजबुजला, "ताई, आता राहू दे. फोटो आटपले, लोक जेवायला निघालेत." मावशीने ते ऐकलं. ती खाली उतरली आणि भरजरी कपड्यांनिशी शेवटच्या पायरीवर बसली. "बोल भिंगरे."

माईक मामीच्या हातात. बोट निघालं. मावशीचं चित्र. मग घर. मग ते 'नाही'कडे थरथरत निघालं, तेवढ्यात मामीने जाहीर केलं, "ती म्हणतेय, मावशी, सुखाने संसार कर!" टाळ्यांचा कडकडाट. बोट बिचारं वाटेतच.

मावशीने माईक काढून घेतला. "थांबा. ती असं म्हणत नाहीये."

बोट 'नाही'वर टेकलं. मग वळलं, चुकलं, पुन्हा वळलं आणि रागावलेल्या चेहऱ्यावर आपटलं.

"मावशी घरी नाही. मला राग येतो," मावशीने वाचलं. "मलाही येतो गं."

या वेळी टाळ्या वाजवायचं कोणालाच सुचलं नाही. फोटोवाला म्हणाला, "ती फळी जरा बाजूला घेता का?" मावशी म्हणाली, "फळी राहील."

एका फोटोने जग बदलतं थोडंच! त्या पिशवीत पाण्याची बाटली सांडली होती, माझा कोपरा फुगला तो फुगलाच. परवा एक बाई घरी आल्या. भिंगरीच्या तोंडावर आईला विचारतात, "हिला कळतं का हो काही?"

आणि आत्ता मामीचा फोन आलाय. तिच्या भावाचं लग्न आहे. "भिंगरीला नक्की आणा हं. तिच्यासाठी वेगळी खोली ठेवलीय, पंख्याची."

आईने आवाज मोठा करून फोन माझ्याशेजारी ठेवलाय. "तिलाच विचार."

भिंगरीचं बोट उचललं गेलंय. काय म्हणेल ती, मलाही ठाऊक नाही.

"हॅलो? हॅलो? ऐकू येतंय ना? येणार म्हणत असेल ती!"

अहो मामी, जरा दम धरा. बोट अजून वाटेत आहे.