सहा वाजताच्या दोन घंट्या

मित्रांनो, तुमच्या गल्लीच्या वळणावर कंबरेएवढी उंच, राखाडी रंगाची, गंज चढलेली एक लोखंडी पेटी तुम्ही कधी पाहिली आहे का? पाहिली असेल, पण लक्ष गेलं नसेल. गेलंच असेल तर तिच्यावर दप्तर टेकवून बुटाची नाडी बांधण्यापुरतं. असू दे, मला त्याचं काही वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण आता सवय झाली आहे. मी एक जुनी टेलिफोनची पेटी आहे. गल्लीतली माणसं मला सरळ 'डबा' म्हणतात. चांगली दोन दारांची, कडी-कोयंड्याची पेटी मी, आणि म्हणे डबा!

एका पत्र्याच्या कारखान्यात माझा जन्म झाला. त्या दिवशी आम्ही चाळीस बहिणी एकदम तयार झालो. रंग वाळायच्या आत आम्हाला ट्रकमध्ये चढवलं आणि एकेकीला एकेका कोपऱ्यावर उतरवत नेलं. माझ्या शेजारी उभी होती तिला पुढच्याच चौकात उतरवणार, असं ड्रायव्हर म्हणाल्याचं मला आठवतं. तेवढ्या जवळ असूनही तिची माझी पुन्हा गाठ पडली नाही. पेट्यांना पाय नसतात.

माझ्या पोटात तांब्याच्या तारा होत्या. प्रत्येक घराच्या दोन, त्याला 'जोडी' म्हणायचं. अशा शहाण्णव जोड्या एका लाइनमनने आठ दिवस उकिडवं बसून लावल्या. तेव्हा तो नुकताच नोकरीला लागला होता, मिसरूडही धड फुटलं नव्हतं. काम झालं की तो माझी दारं लावायचा, कडी घालायचा, ती बसली का ते ओढून बघायचा आणि माझ्या डोक्यावर दोन चापट्या मारून सायकलवर टांग टाकायचा. चौतीस वर्षांत त्याने एकदाही कडी घातल्याशिवाय पाठ फिरवली नाही.

शहाण्णव घरांचं बोलणं माझ्या पोटातून जायचं. कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न मोडलं, कोण कुणाला "आत्ता निघालोच" म्हणून घरातच बसून होतं, सगळं मला ठाऊक. पण मी कधी चहाडी केली नाही. ऐकलं ते पोटात ठेवलं.

एकदा मोठं वादळ झालं. विजेचे खांब आडवे झाले आणि तीन दिवस गल्लीत दिवा लागला नाही. पण फोन? एकूण एक चालू! कारण माझ्या तांब्याच्या तारांना घरातली वीज लागायचीच नाही. लागेल तेवढी वीज टेलिफोनच्या ऑफिसातून तारेबरोबरच यायची. घरात मिट्ट काळोख असला तरी घंटी वाजायची. त्या तीन दिवसांत एका घरी डॉक्टर वेळेवर आले ते माझ्यामुळे. वीज आल्यावर त्या घरातले आजोबा फडकं घेऊन आले आणि त्यांनी मला पुसून काढलं. माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही, म्हणून ते मी जपून ठेवलं आहे.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं सांगते आहे, त्या दोघांकडे वळते.

माझ्या डाव्या हाताला तिसरं घर घड्याळजींचं. आयुष्यभर त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. उजव्या हाताला पाचवं घर त्यांच्या धाकट्या बहिणीचं. ती वाचनालयात नोकरीला होती, म्हणून सगळे तिला लायब्ररीवाल्या ताई म्हणत. तिचे यजमान वायरमन होते. ते गेल्यापासून ती एकटी, आणि घड्याळजी तर आधीपासूनच एकटे. दोघांच्या दारांमध्ये फार तर दीडशे पावलं. पण त्यांच्यात अबोला होता, तोही अकरा वर्षांचा.

त्यांची आई शेवटच्या आजारात घड्याळजींकडे होती. ताई दिवसभर उशाशी बसायची. एका संध्याकाळी ते तिला म्हणाले, तू दमलीस, घरी जाऊन झोप, काही वाटलं तर मी फोन करतो. आई पहाटे गेली. ती जाते आहे हे त्यांना तासभर आधी कळलं होतं. तरीही त्यांनी फोन केला नाही. बिचारी झोपली असेल, कशाला उठवा, असं त्यांना वाटलं. ताईला उजाडल्यावर कळलं. त्यानंतर ती भावाशी एक शब्द बोलली नाही. मला विचाराल तर तिचा राग खोटा नव्हता आणि त्यांचा हेतूही वाईट नव्हता. पण मला विचारतो कोण?

दहा-बारा दिवसांनी, सकाळी बरोबर सहाच्या ठोक्याला, घड्याळजींच्या घरून ताईच्या घरी फोन गेला. दोन घंट्या वाजल्या आणि बंद झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घड्याळजी नंबर फिरवायचे, रिसीव्हर कानाला न लावता टेबलावर ठेवायचे, भिंतीवरच्या घड्याळात सेकंद मोजायचे आणि फोन ठेवून द्यायचे. तिने उचलला असता तर काय बोलायचं, याचीच त्यांना धास्ती असावी. पाचव्या दिवशी ताईने उलट दोन घंट्या दिल्या. त्याही तेवढ्याच, मोजून.

मग तो रिवाजच पडला. आधी दादाच्या दोन, मग हिच्या दोन. तो उठला, ही उठली, दोघं धडधाकट आहेत. एकदा सकाळी लवकर माझ्या तारांना तपासणीचा फोन लावून काम करताना लाइनमनच्या कानावर हे पडलं. दोन-चार वेळा ऐकून त्याने ओळखलं. स्वतःशीच म्हणाला, "हा फोन नाही, ही हजेरी आहे." आणि त्यानेही ते पोटात ठेवलं.

पुढे घरोघरी मोबाइल झाले. शहाण्णवाच्या साठ जोड्या झाल्या, साठाच्या तेवीस. माझ्या दारांवर शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या, आत गांधीलमाश्यांनी घर केलं. पूर्वी लपाछपीत राज्य आलेलं पोर माझ्यावर डोकं टेकून शंभर म्हणायचं. तेही बंद पडलं. तरी सहा वाजता चार घंट्या पोटातून गेल्या की मला वाटायचं, आहे बाबा, अजून आपली कुणाला तरी गरज आहे.

आणि मग गल्लीत फायबर आलं.

महिनाभर खणाखणी चालली. रस्त्याच्या कडेने चर, चरात नारिंगी नळ्या, नळ्यांतून केसाएवढी बारीक काचेची तार. त्या तारेतून म्हणे उजेड धावतो. मी काही तिला नावं ठेवणार नाही. समोरच्या शिंपीणबाईंची लेक परदेशी असते. पूर्वी तिचं तोंड पडद्यावर अडकून राहायचं, डोळे अर्धे मिटलेले. आता बाई तिला नातवंडांसकट लख्ख बघतात आणि हसतात ते मला रस्त्यावर ऐकू येतं. चांगलं आहे ते. चांगल्याला चांगलं म्हणायला हवं, मग आपल्या पोटावर पाय का येईना.

घरोघरी भिंतीवर एक पांढरी पेटी बसली. जुना फोन त्याच पेटीला जोडायचा, नंबर तोच. एका सोमवारी सकाळी जोडणी करणारी मुलगी ताईकडे गेली तेव्हा 'पेटी कायम चालू ठेवा' असं सांगून आली. ताईने मान डोलावली. पण तिच्या मनात आलं, ही पेटी इंटरनेटची, मला ते नको, माझा फोन आपला वेगळा. हे मला फार उशिरा कळलं.

त्याच दुपारी लाइनमन माझ्या तारा कापायला आला. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. एकेक जोडी कापत गेला, दोन मात्र त्याने शेवटपर्यंत ठेवल्या. त्या कोणाच्या हे तुम्हाला सांगायला नको. त्या दोन जोड्या हातात धरून तो थोडा वेळ नुसता बसला आणि मग त्याही कापल्या. माझे कान गेले. गल्ली दिसायची, रस्त्यावरचं बोलणं ऐकू यायचं, पण घरांच्या आतलं सगळं बंद. चौतीस वर्षं शहाण्णव घरांत राहिल्यासारखी राहिले आणि एका दुपारी रस्त्यावर आले. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता माझ्या पोटात काहीच हललं नाही. हलणार नव्हतंच. मी मनाशी म्हटलं, आता ते नव्या तारेतून जात असेल. पण साडेसहाला ताई फाटकात आली आणि दादाच्या घराकडे बघत उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवसापासून घड्याळजींच्या खिडकीचा पडदा सकाळी उघडेना. काहीतरी बिनसलं होतं, आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. ताई त्या दिवसांत खंगल्यासारखी दिसायला लागली. वाण्याकडे जाताना पूर्वी ती दादाच्या घरावरून जायची, मान वळवून का होईना. आता लांबचा रस्ता धरला.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी लाइनमन कापलेल्या तारा गोळा करायला आला. माझी दोन्ही दारं सताड उघडी होती. ताई पिशवी घेऊन चालली होती ती थबकली. इकडचं तिकडचं विचारून झालं, आणि मग तिने हळूच विचारलं, नव्या तारेत सकाळची घंटी येत नाही का? लाइनमन म्हणाला, येते की, न यायला काय झालं. ती म्हणाली, माझ्याकडे नऊ दिवस आली नाही.

त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीचा दिवा लागतो का, असं विचारलं. ताई म्हणाली, लागतो, पण मी झोपताना बंद करते. घरातली सगळी बटणं बंद करूनच झोपायचं, असा तिच्या यजमानांचा दंडक होता. ते वायरमन, आगी लागलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. ते गेल्यावरही तिने एक रात्र चुकवली नाही. आणि सकाळी अंघोळ झाली की सात वाजता बटणं चालू.

"ताई," लाइनमन म्हणाला, "तांब्याची तार होती तोवर वीज आमची होती. या फोनला तुमच्या घरची वीज लागते. ती पेटी बंद, तर फोनही बंद."

ताईच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "म्हणजे त्याने केला असेल?"

"ते मला कसं कळणार? पूर्वी इथे कान लावला की ऐकू यायचं." त्याने माझ्या रिकाम्या पोटाकडे बोट दाखवलं. "आता जाऊनच विचारावं लागेल."

ताई जागची हलली नाही. अकरा वर्षं जे दार ओलांडलं नाही, तिथे असं उठून जायचं कसं? पण तेवढ्यात डाव्या हाताच्या तिसऱ्या घराचं फाटक वाजलं. पडद्याच्या फटीतून इतक्या दिवसांनी बहीण त्यांच्या डोळ्यांना दिसली होती, तीही लाइनमनशी बोलताना. घड्याळजी काठी न घेताच निघाले होते. धापा टाकत माझ्यापर्यंत आले आणि पडू नये म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात टेकला. लाइनमन तारांचं भेंडोळं उचलून शहाण्यासारखा लांब जाऊन उभा राहिला.

"वाजवत होतास?" ताईने विचारलं.

"रोज. सहाला."

"माझं बटण बंद होतं, दादा."

घड्याळजींनी ते दोन-तीनदा मनात फिरवलं असावं. मग म्हणाले, "मला वाटलं, तुला आता नको झालं."

"मला वाटलं, तू पुन्हा नाही केलास."

'पुन्हा' हा शब्द त्यांना बरोबर जाऊन लागला. त्यांनी हात माझ्यावर घट्ट रोवला.

"त्या पहाटे करायला हवा होता, चिमे," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"हवाच होता," ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. मग म्हणाली, "काठी कुठे आहे तुझी? चल, हात धर."

दोघं हळूहळू डावीकडच्या तिसऱ्या घरात गेली. दार लागलं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तारा असत्या तरी ते कळलं नसतं म्हणा. ती एकमेकांसमोर बसली होती, फोनवर नव्हती.

आता रोज सहा वाजता ताई स्वतः येते. माझ्यासमोरून जाते, दादाचं दार वाजवते, दोनदा. पांढऱ्या पेटीचं बटण ती आता रात्रीही चालू ठेवते, यजमानांची माफी मागून. मला आनंद आहे. खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटतं. अकरा वर्षं मी त्यांच्या घंट्या वाहिल्या, आणि ती दोघं एकमेकांशी बोलली ती माझ्या तारा कापल्यावर.

लाइनमनची ती शेवटची खेप होती. त्याला निरोप द्यायला मला तोंड नव्हतं. त्याने कडी घातली, ओढून बघितली, दोन चापट्या मारल्या आणि तो गेला. त्यानंतर कुठल्याशा कंत्राटदाराची माणसं मला भंगारात न्यायची म्हणून माझं माप घ्यायला आली आणि दारं उघडी टाकून गेली. ती परत कधी येतील ते मला माहीत नाही.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे आता फोन झटक्यात लागतो. तरीही एखाद्या दिवशी कुणाचा फोन आला नाही, तर त्याने केलाच नाही असं धरून घरात बसू नका. पायात चपला घाला आणि जाऊन विचारा. आणि जाताना वाटेत दारं उघडी पडलेली एखादी गंजकी पेटी दिसली, तर तिची कडी घालून जा. आत आता काही नाही हे मला माहीत आहे. पण वारा आला की दारं रात्रंदिवस आपटत राहतात, आणि ती कोणी लावायला येईल असं मला अजून वाटतं.