सोपटाच्या दोरीचं पुडकं

विनीषाने पोत्यात हात घालून आपल्या घरचं पुडकं चाचपून काढलं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून खांद्यावरच्या पिशवीत सारलं. ओळखायला अवघड नव्हतंच. बाकीच्या घरांनी भाताची पुडकी वर्तमानपत्रात गुंडाळून रबर लावलं होतं. अम्मा मात्र अजून केळीच्या वाळक्या सोपटाची दोरी वापरायची.

"रांग धरा, रेटारेटी नको," जिबिन ओरडत होता. सरकारी इस्पितळाच्या आवारात पेशंटांबरोबर आलेली माणसं कधीची ताटकळत होती. कॉलेजची ही पोरं दर रविवारी घरोघर फिरून जेवण गोळा करायची. ज्या घरी सांगून ठेवलं, ते घर आपल्याच स्वयंपाकातलं एक पुडकं जास्तीचं बांधायचं.

गेल्या रविवारी एकाने इथंच पायरीवर पुडकं उघडलं, तर आत नुसता भात आणि बोटभर चटणी. जिबिनने लगेच फोटो काढून पोरांच्या ग्रुपवर टाकला. "हा राजवाडा कुठला रे?" सगळे पोट धरून हसले. विनीषाही हसली. शेजारी पडलेली सोपटाची दोरी तिने चपलेखाली दाबून धरली होती.

घरी ती यातलं अक्षर बोलली नाही. "आज आपलं नको देऊस," एवढंच सकाळी म्हणाली.

"का? आपल्याकडे चूल पेटत नाही का?" अम्माने पाठ फिरवली आणि केळीचं पान विस्तवावर शेकायला घेतलं. धाकटा कुट्टन अंड्यासाठी हटून बसला होता. "नाही घातलं रे आज कोंबडीने," म्हणत तिने त्याच्यापुढे पेज ठेवली. विनीषा न्हाऊन येईपर्यंत पुडकं बांधूनही झालं होतं. त्यात काय असणार, ते तिला ठाऊकच होतं.

रांग सरकत होती. पोतं रिकामं होत गेलं तशी तिच्या जिवाची उलघाल वाढली. पुरू दे, आजच्या दिवस तेवढं पुरू दे. शेवटी एकच म्हातारा उरला, हातात स्टीलचा डबा घेतलेला.

"संपलं, अप्पूप्पा," जिबिन पोतं झटकत त्या आजोबांना म्हणाला. "पुढच्या रविवारी लवकर या."

"पुढच्या रविवारपर्यंत आम्हाला इथंच डांबून ठेवणार का रे?" म्हातारा हसला आणि वळला. वळताना त्याने भिंतीचा आधार घेतला.

विनीषाचा हात पिशवीत गेला, तिथंच थबकला.

"थांबा," ती म्हणाली. "हे एक बाजूला राहिलं होतं."

म्हातारा तिथंच पायरीवर टेकला. जिबिन कमरेवर हात ठेवून बघत राहिला. दोरी सुटली, पान उघडलं. भात आणि चटणी. विनीषाने तोंड फिरवलं.

"अरे वा, अप्पूप्पा, मजा आहे तुमची," जिबिन म्हणाला.

म्हाताऱ्याने बोटांनी भात बाजूला सारला होता. खाली ऑम्लेट होतं, कांदा आणि कढीपत्ता घातलेलं, कडेला खरपूस. त्याने त्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा डब्यात घातला.

"आत आमची म्हातारी आहे," तो म्हणाला. "तिला आवडतं."

कुट्टनचं तोंड विनीषाच्या डोळ्यांपुढे आलं. खरं तर अम्माचा रागच आला तिला. तेवढ्यात फोन वाजला. अम्माच होती, एरवी ती या वेळी कधी फोन करायची नाही.

"वाटून झालं का गं?"

"झालं."

"आपलं कुणाला गेलं?"

"एका अप्पूप्पाला. त्यांनी बायकोलाही ठेवलं त्यातलं."

अम्माच्या मागे कुट्टनची काहीतरी भुणभुण चालली होती.

"तुझ्या फोनवर तो फोटो बघितला होता मी. आज कुणी हसलं नाही ना गं?" तिने हळूच विचारलं.

विनीषा वाकली आणि पायरीवर पडलेली सोपटाची दोरी सगळ्यांदेखत उचलून घेतली.

"नाही अम्मा," ती म्हणाली.