कुशीतली मोकळी जागा

"पोरी, खणणाऱ्याच्या घरात येते आहेस, तर एक ऐकून ठेव," लग्नाच्या आधी सासूबाई मला म्हणाल्या. आम्ही दोघी गच्चीवर शेंगा सोलत बसलो होतो, समोर ज्वालामुखीचा डोंगर. "एक ना एक दिवस त्याला खाली कुणीतरी सापडेल. मग घरी येईल तो अर्धाच."

"अर्धा म्हणजे?"

"तुझ्या सासऱ्यांचं एका गाढवावर मन बसलं होतं. राखेत गाडलं गेलेलं, गुडघे दुमडून बसलेलं. त्या गाढवाबद्दल बोलताना त्यांचा जो आवाज लागायचा ना, तो माझ्यासाठी कधी लागला नाही."

मी खो खो हसले. सालेर्नोच्या कॉलेजात इतिहास शिकून आलेली मी. गाढवाचा मत्सर करणाऱ्या बाईचं काय मनावर घ्यायचं!

माझ्या वाट्याला गाढव आलं नाही.

आमची लेक मिरेल्ला नुकती मान धरू लागली होती, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वी त्या डोंगराच्या राखेत गाडल्या गेलेल्या जुन्या शहराच्या वेशीबाहेर, एका घराच्या मागच्या खोलीत सबातोला पोकळी लागली. राखेखाली गाडलेल्या माणसाचं अंग कधीच मातीला मिळतं, हाडं तेवढी उरतात, पण घट्ट झालेल्या राखेत त्याच्या आकाराची जागा तशीच राहते. त्या जागेत प्लास्टर ओतून तो आकार बाहेर काढायचा, हे माझ्या नवऱ्याचं काम.

"बाई आहे," त्या दिवशी जेवताना तो म्हणाला. "कॅमेरा आत सोडला, तर डोक्यावरून घेतलेल्या कापडाची चुणी दिसली."

त्यानंतर आमच्या टेबलावर ती रोज जेवायला असे. सबातो पापण्यांवर पांढरी धूळ घेऊन घरी यायचा. बाळाला घ्यायच्या आधी हात धुवायचा, नखं खरवडायचा, पुन्हा धुवायचा. तोवर मिरेल्ला रडून रडून झोपलेली असायची. कॉफी ढवळताना त्याचा चमचा मध्येच थांबला की मला कळायचं, हा आत्ता खाली गेला.

"तिच्या पायाची बोटं आत वळवलेली आहेत लोरेदाना. गार फरशीवर आपण वळवतो ना, तशी."

"माझ्या बाळंतपणात माझ्या पायांचं काय झालं होतं, सांग."

तो गोंधळला. "काय झालं होतं?"

"सुजले होते. तुझे बूट घालून दवाखान्यात गेले होते मी."

"अच्छा, ते बूट तू नेलेस होय! मी शोधतोय."

सासूबाई ताटात डोकं घालून हसू दाबत होत्या. भांडी घासताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुझी निदान बाई तरी आहे. माझी गत आठव."

सवत जिवंत असती तर बरं, असं मला वाटू लागलं. ती म्हातारी झाली असती, जाड झाली असती, निदान एकदा तरी त्याच्यावर खेकसली असती.

प्लास्टर ओतायच्या दिवशीच मिरेल्लाला ताप भरला. मी फोन केला. मागे बादल्यांचा आवाज येत होता.

"सबातो, अंग भाजतंय हिचं. ये लवकर."

"ओतायला घेतलंय गं. मध्ये थांबलो तर आधीचं घट्ट होईल. कमरेत दुभंगेल ती."

"आणि ही?"

बादली खाली टेकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आईला घेऊन डॉक्टरांकडे जा. मी येतोच."

कान सुजला होता. औषध पोटात गेलं, ताप उतरला. संध्याकाळी तो दारात उभा राहिला, कोपरापर्यंत पांढरा, धापा टाकत. "कशी आहे?"

"कोण? तुझी का माझी?"

तो पाळण्यापाशी जमिनीवर बसला. त्याने मिरेल्लाला हात लावला नाही, हात भरलेले होते. मी पाणी आणून दिलं नाही.

मग मी ठरवलं, तिला एकदा बघायचंच. भोवतीची राख काढून तिला मोकळी केली, त्या दिवशी मी डबा द्यायचं निमित्त केलं. साखरपुड्यातला हिरवा पोशाख घातला, केस वळवले, मिरेल्लाला कडेवर घेतलं.

"आली रे आली!" सबातोच्या हाताखालचा आनिएल्लो ओरडला. "दुसरीला बघायला पहिली आली!"

सगळे हसले. सबातो हसला नाही.

ती कुशीवर होती. तोंड दिसतच नव्हतं, कापडात खुपसलेलं. मला ते आवडलं. पण गुडघे पोटाशी ओढलेले, आणि एक हात कोपरात वाकवून पुढे ठेवलेला. त्या कोपराच्या आत, छातीशी, जागा होती. एवढीशी.

"इथे कुणी होतं?" मी विचारलं.

"शोधलं. हाड नाही, पोकळी नाही. एकटीच होती."

"मग हात असा का?"

सबातो ब्रशची धूळ झटकत राहिला. "तू झोपतेस तसा. मिरेल्ला पाळण्यात असली तरी तू तेवढी जागा सोडून झोपतेस."

म्हणजे तो मला झोपेत बघत होता. सुखावायला हवं होतं मी. पण माझ्या तोंडून निघालं, "तिला बघून मी आठवते, की मला बघून ती?"

त्याने तिच्या खांद्यावर हळूच फुंकर मारली. "जरा सरक. तुझी सावली पडतेय."

मी सरकले. मिरेल्ला त्या हाताकडे झेपावत होती. मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

आता ती संग्रहालयाच्या दालनात असते, कमरेइतक्या काचेच्या कठड्यामागे. मी पुन्हा गेले नाही. सबातोला विचारलं तर तो सांगत बसतो आणि जेवण गार होतं. म्हणून तुम्हाला सांगते. कधी इकडे आलात तर तिच्याकडे एकदा बघून या. लोक काहीबाही टाकतात, नाणी, तिकिटांचे कपटे. तिच्या कोपरात काही पडलेलं दिसलं तर राखणदाराला हाक मारा आणि काढायला लावा. ती जागा तिने कुणासाठी तरी ठेवली आहे.